दोन तारखांचा फर्मा

आमच्या कारखान्यात भिंतीला तीन फळ्या आहेत. वरच्या फळीवर पुरुषांच्या पायांच्या बावीस जोड्या, मधल्या फळीवर बायकांच्या पायांच्या एकवीस आणि खालच्या फळीवर मुलांच्या सोळा. एकूण एकोणसाठ जोड्या, म्हणजे एकशे अठरा लाकडी पाय. त्यांपैकी एकशे सोळांच्या टाचेवर गिऱ्हाइकाचा क्रमांक कोरलेला आहे. दोघांच्या टाचा कोऱ्या आहेत. त्या दोघांतला डावा म्हणजे मी.

मित्रांनो, आम्हाला फर्मा म्हणतात. बूट शिवायचा तर चामडे कशावर तरी ताणून बसवावे लागते. माणसाचा पाय काही चार दिवस कारखान्यात ठेवून घेता येत नाही. म्हणून त्याच्या मापाचा लाकडी पाय कोरतात आणि त्यावर बूट शिवतात. बूट तयार झाला की आम्हाला आतून ओढून काढतात आणि पुन्हा फळीवर ठेवतात. बूट जग पाहतो, आम्ही भिंत पाहतो. असे म्हटले तरी आमची तक्रार नाही.

मला अप्पांनी, म्हणजे या कारखान्याच्या जुन्या मालकांनी, घडवले. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. बूट शिवायला नुकतेच शिकले होते आणि पहिला फर्मा स्वतःच्याच पायाचा करायचा असे त्यांनी ठरवले होते. कागदावर पाय ठेवून त्यांनी पेन्सिल फिरवली, फितीने चार जागी घेर मोजला आणि मग एका कठीण ठोकळ्यातून मला हळूहळू बाहेर काढले. शेवटी काचेच्या तुकड्याने तासून त्यांनी मला गालाला लावून पाहिले. कुठे खरखरत नव्हते. टाचेवर क्रमांक घालायची वेळ आली तेव्हा ते हसून म्हणाले, "आपण काय गिऱ्हाईक आहोत होय?" म्हणून माझी टाच कोरी राहिली.

तीन वर्षांनी बूट पायाच्या वरच्या बाजूला आवळू लागला. लांबी तेवढीच होती, पण मधला उंचवटा वाढला होता. आमच्या धंद्यात यावर सोपा उपाय असतो. फर्म्यावर त्या जागी चामड्याचा पातळ तुकडा खळीने चिकटवायचा, म्हणजे पुढचा बूट तेवढा सैल होतो. अप्पांनी तुकडा लावला आणि त्याच्या कडेला शाईने तारीख लिहिली. ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फर्म्यावर अशी तारीख लिहीत, म्हणजे माप कधी बदलले ते कळे. बहुतेक फर्म्यांवर आयुष्यभरात एक-दोन तुकडे लागतात. माझ्यावर अकरा लागले.

कधी उंचवट्यावर, तर कधी बोटांवर, कारण अप्पांची बोटे नखांपासून आकसून वर उचलली गेली होती. पोटऱ्या बारीक होत गेल्या. चालताना पाऊल पुढून लोंबू लागले, म्हणून ते गुडघा उंच उचलून पाय टाकत. उंबरा नसला तरी उंबरा ओलांडल्यासारखे. शेजारपाजारचे त्यांना प्रेमाने 'बगळेबुवा' म्हणत आणि अप्पाही त्याला ओ देत. पन्नाशीत त्यांना सुईत दोरा ओवता येईना. सगळे म्हणाले, नजर गेली. त्यांनी चष्मा केला, मग जाड काचांचा चष्मा केला. दोरा तरीही ओवता येईना. डोळे बिचारे शाबूत होते. चिमटीच कमजोर झाली होती. पण हे कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

गिऱ्हाईक येऊन म्हणे, "अप्पा, तुमच्यासारखा बसणारा बूट उभ्या जन्मात पाहिला नाही." त्या वेळी मला अभिमान वाटे. आज त्याच गोष्टीची टोचणी लागते. मित्रांनो, विचार करा. दुसऱ्या कुठल्या घरात असे पाय असते तर बूट चावला असता, फोड आला असता, माणूस वैतागून डॉक्टरकडे गेला असता. आमच्या घरात बूट कधी चावलाच नाही. पाय बदलला की मी बदलत होतो. मी इतका चोख बसत होतो की पायाला काय झाले आहे हे बघायची वेळच कोणावर आली नाही.

अप्पांचा मुलगा वीस वर्षांचा झाला. त्याला मी 'धाकटा' म्हणतो. आज तो एकेचाळीस वर्षांचा आहे, तरी माझ्या लेखी धाकटाच. त्याच्या पायाचे माप घेताना अप्पांचा हात थबकला. त्यांनी माझ्यावरचे सगळे तुकडे ओल्या फडक्याने सोडवले, एका पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि उघड्या झालेल्या मला त्याच्या पायाशी धरले. वीस वर्षांचे अप्पा आणि वीस वर्षांचा धाकटा, दोघांचा पाय केसाचाही फरक न पडता एक निघाला.

"बापाचे पाय घेऊन आलाय गं पोरगा!" अप्पा आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले. सगळ्यांना आनंद झाला. नवा फर्मा कोरायचे कष्टही वाचले; अप्पा आता आपल्या जुन्या बुटांवरच भागवणार होते.

तेविसाव्या वर्षी धाकट्याला बूट आवळू लागला. डब्यातला पहिला तुकडा काढून लावला, बरोबर बसला. अप्पांच्या तारखेखाली धाकट्याने आपली तारीख लिहिली. सव्विसाव्या वर्षी दुसरा तुकडा लागला, एकोणतिसाव्या वर्षी तिसरा. बापलेक प्रत्येक वेळी हसत. जणू कोणी पुढची पाने आधीच लिहून ठेवली होती आणि वाचणाऱ्याला त्याची गंमत वाटत होती.

पुढे अप्पा गेले. छातीच्या दुखण्याने गेले, पायांचा त्यात काही भाग नव्हता. धाकट्याने कारखाना सांभाळला. तो तळ शिवतो आणि त्याची बायको मशीनवर बुटाचे वरचे भाग शिवते. तिला अप्पा 'सूनबाई' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांना एकच मुलगी आहे. ती एका जागी ठरत नाही, म्हणून तिचे नाव पडले भिंगरी.

धाकट्याच्या एकेचाळिसाव्या वर्षी माझ्यावर आठवा तुकडा लागला. डब्यात तीन उरले. त्या दिवशी डब्याचे झाकण लावताना तो हसला नाही. गेले काही महिने चामड्याला भोक पाडायची आरी त्याच्या हातातून निसटत होती, आणि दोरा मेण लावूनही चिमटीत टिकत नव्हता. त्याने उरलेले तीन तुकडे तळहातावर घेतले, त्यांवरच्या तारखा वाचल्या आणि ओठ हलवत त्यांतून अप्पांचे जन्मवर्ष वजा केले. सेहेचाळीस. बावन्न. अठ्ठावन्न.

तेवढ्यात भिंगरी शाळेतून आली आणि दारातच तोंडावर आपटली.

"काही नाही, काही नाही! फरशीच वर आली," असे म्हणून ती उठली. तिचा डावा बूट निघाला होता. धाकट्याने तो उचलला आणि उलटा केला. तळ टाचेला झिजला नव्हता, पुढे बोटापाशी झिजला होता. पाऊल नीट उचलले जात नाही, फरफटते, तेव्हा तळ असा झिजतो. हे कोणाही मोच्याला कळते. त्याने बूट किती तरी वेळ हातात धरून ठेवला.

"बाबा, बूट खराब केला म्हणून रागावलात?"

"नाही गं. जा, हातपाय धू."

त्या आठवड्यात त्याने खेळ म्हणून तिचा पाय कागदावर ठेवून घेतला. चार जागी फीत लावली. आकडे त्याने वहीत लिहिले नाहीत, तळहातावर लिहिले आणि पुसून टाकले. मग खालच्या फळीवरचा तिचा छोटा डावा फर्मा काढून त्यावर उंचवट्याच्या जागी एक तुकडा लावला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने त्यावर तारीख लिहिली नाही.

मी वरच्या फळीवरून पाहत होतो. खालचा छोटा फर्मा नऊ वर्षांच्या मुलीच्या पायाचा. काय होते आहे ते त्या फर्म्याला कळत नव्हते. मला कळत होते, पण लाकडाला ओरडता येत नाही.

मात्र सूनबाईपासून मापे लपवणे सोपे नव्हते. बुटाचा वरचा भाग तिलाच शिवायचा होता, आणि त्यासाठी कापलेला कागद तिच्याच टेबलावर आला. तिने डावा कागद उजव्यावर ठेवला. मशीनवरचा तिचा पाय थांबला.

"अहो, हा डावा चार मिलिमीटरनं मोठा कापलाय तुम्ही."

"चुकून झालं असेल."

"तुमचं कापणं चुकतं? वीस वर्षांत एकदा दाखवा." ती उठून खालच्या फळीपाशी गेली. छोट्या फर्म्यावरचा तुकडा तिने बोटाने चाचपला. मग मान वर करून तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या आठ तुकड्यांकडे. "हे काय चालवलंयत?"

धाकटा म्हणाला, "नऊ वर्षांची आहे गं. मला तर तेविसाव्या वर्षी पहिला लागला."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की ते खरं होतं."

"अरे वा! आणि नाही सांगितलं की पोरीचं पाऊल आपोआप वर उचलतं?" ती चिडली होती, पण आवाज रडवेला होता. "तुम्ही बाप आहात का फर्मे भरणारे? उद्या पन्नास तुकडे लावाल. ती पडत राहील आणि तुम्ही बूट सैल करत राहाल."

"हे माझ्याकडून गेलंय तिला. अप्पांकडून मला, माझ्याकडून तिला."

"माझ्याकडून तिला हे गवतासारखे केस गेलेत. तेव्हा नाही कुणी कपाळाला हात लावून बसलं. उठा. उद्या डॉक्टरकडे जायचं."

धाकटा उठला. जाताना त्याने मला फळीवरून काढले, माझ्या उजव्या भावालाही काढले, आणि डब्यासह आम्हाला पिशवीत घातले.

मी पहिल्यांदाच भिंतीपासून दूर जात होतो. पिशवीत अंधार होता. माझ्या शेजारी भाऊ होता आणि डब्यात ते तीन तुकडे प्रत्येक पावलागणिक खुळखुळत होते. तो आवाज मला अजून आठवतो.

नसांच्या तपासणीची डॉक्टर कमी बोलणारी बाई होती. तिने आधी धाकट्याचे बूट काढायला लावले. उघडे पाय पाहून ती खाली वाकली, बोटांनी त्याच्या पावलाची कमान मोजल्यासारखी चाचपली. पोटरी दाबली. कापूस आणि टाचणी फिरवून कुठे कळते, कुठे कळत नाही ते विचारले. रबरी हातोडीने घोट्यामागे टिचकी मारली. पाऊल हलले नाही.

"तुमच्या वडिलांचे पाय असेच होते? काही जुने कागद, तपासण्या?"

"कागद नाहीत बाई. हा आहे," असे म्हणून धाकट्याने मला टेबलावर ठेवले आणि उरलेल्या तीन तुकड्यांचा डबा शेजारी उघडून ठेवला.

डॉक्टरने मला हातात घेतले. आजवर ज्यांनी मला धरले त्यांना बूट दिसत होता. हिला पाय दिसला. तिने एकेका तुकड्याच्या कडेची तारीख वाचली, वरची अप्पांची आणि खालची धाकट्याची. दोघांची जन्मवर्षे विचारली. मग एका कागदावर दोन रकाने केले: तेवीस, तेवीस. सव्वीस, सव्वीस. एकोणतीस, एकोणतीस. ओळी खाली उतरत गेल्या तसा तिचा हात सावकाश होत गेला. आठव्या ओळीला तिने पेन खाली ठेवले.

"जवळजवळ साठ वर्षांच्या नोंदी आहेत ह्या. इतकं नीट कुणी लिहून ठेवलेलं मी पाहिलं नाही," ती म्हणाली. "फक्त कुणाला तरी दाखवायला हवं होतं."

मग तिने समजावले. नस म्हणजे निरोप नेणारी तार. विजेच्या तारेवर रबर असते तसे नसेवर आवरण असते, त्याच्यामुळे निरोप वेगाने धावतो. त्या आवरणातले एक प्रथिन कसे बनवायचे याची सूचना प्रत्येकाच्या शरीरात दोनदा लिहिलेली असते, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. काही घराण्यांत ती तीनदा लिहिलेली असते. प्रथिन प्रमाणाबाहेर बनते आणि आवरण बिघडते.

"म्हणजे खळ जास्त झाली की तळ सुटतो, तसं?" धाकट्याने विचारले.

"अगदी तसं. तुमच्यात तसंच झालंय असं मला वाटतं, रक्ताच्या तपासणीत पक्कं कळेल. निरोप मंदावतात. सगळ्यांत लांब नस पायाच्या बोटापर्यंत जाते, म्हणून आधी पाय. तिथले लहान स्नायू वाळतात, मोठे स्नायू पाऊल ओढून धरतात, म्हणून कमान उंच होते आणि बोटं आकसतात. नंतर हात."

धाकट्याने दोन्ही हात मांडीखाली घातले.

"मी मुलीला दिलं का हे?" त्याने विचारले.

"आई किंवा वडिलांत असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं. ते तुम्ही उडवत नाही आणि कुठल्या बाजूला पडावं हेही ठरवत नाही. दोष कुणाचा नाही."

"आणि औषध?"

"ते मुळातून बरं करणारं औषध आज नाही. पण घोट्याला आधार देता येतो, व्यायाम असतात, गरज पडली तर शस्त्रक्रिया वेळेवर करता येते. काही औषधं अशा नसांना बाधतात, ती टाळता येतात. आणि हे डब्यातले तीन," तिने डबा बाजूला सरकवला, "वडिलांच्या तारखांनाच लागतील असं समजू नका. एकाच घरातही दोघांचं सारखं होतंच असं नाही. तुमचं आजवर जुळलं, एवढंच."

आता भिंगरीची पाळी होती. डॉक्टरने तिला टाचांवर चालायला सांगितले.

"असं कोण चालतं?" ती हसली आणि प्रयत्न करू लागली. उजवा चवडा जमिनीवरून जरासा उठला. डावा उठला की नाही, ते मला टेबलावरून दिसले नाही. डॉक्टरने काही तरी लिहिले. सूनबाईने त्या लिहिण्याकडे मान लांबवून पाहिले आणि पुन्हा मागे घेतली.

नसेचा वेग मोजायचे यंत्र कोपऱ्यात होते. कोपरापाशी आणि मनगटापाशी विजेची बारीक टिचकी द्यायची, निरोप अंगठ्यापर्यंत किती वेळात पोचला ते मोजायचे, आणि दोन जागांतले अंतर त्या दोन वेळांतल्या फरकाने भागायचे. डॉक्टरने सांगितले की निरोगी माणसाच्या हातात हा वेग सेकंदाला पन्नास मीटर किंवा त्याहून जास्त असतो. एवढ्या मोठ्या मुलीचाही तेवढाच असायला हवा. आधी धाकट्याचा मोजला. एकवीस.

"दुखेल का?" भिंगरीने विचारले.

"रबर ताणून सोडल्यासारखं लागेल. करायचं का? तू सांग."

भिंगरीने आईकडे पाहिले, बाबांकडे पाहिले, आणि मग टेबलावरून मला उचलून मांडीवर घेतले. "हा आजोबांचा पाय आहे ना? ह्याला धरून बसते. करा."

तिची बोटे माझ्या आठव्या तुकड्यावर होती. ती गरम होती. डॉक्टरने तिच्या उजव्या हातावर चिकट पट्ट्या लावल्या आणि फितीने अंतर मोजले. धाकट्याने तिच्या पाठीमागे उभे राहून खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. त्याला जेवढे घट्ट धरता येत होते तेवढे.

मित्रांनो, तेवढ्या वेळात मी खूप विचार केला. साठ वर्षे मी एकच काम केले, पायाला त्रास होऊ दिला नाही. ते चांगलेच काम होते. पण त्रास हा पायाचा निरोपच असतो, आणि तो निरोप मी वाटेतच अडवत राहिलो. तुमच्या घरातही असे काही असेल. सगळ्यांचीच सारखी चाल, सगळ्यांचेच एका वयात दुखणारे काही, ज्याला सगळे 'आपल्या घराण्याची ठेवण' म्हणून हसून सोडून देतात. हसा, त्याला हरकत नाही. पण एकदा बूट काढून एकमेकांचे पाय उजेडात नीट पाहा. कुठे काय बदलते आहे ते तारीख घालून लिहा, आणि लिहिलेले कपाटात ठेवू नका, ज्याला वाचता येते त्याला नेऊन दाखवा. जो अडखळतो त्याला चालीवरून नाव ठेवू नका. आणि ज्याच्याकडून ते आले त्याच्यावर रागावू नका. त्यालाही ते कोणाकडून तरी आलेले असते.

"हलू नकोस हं," डॉक्टर म्हणाली.

पहिली टिचकी मनगटापाशी बसली. भिंगरीचा अंगठा उडाला आणि ती दचकून हसली. दुसरी कोपरापाशी बसली. पडद्यावर दोन उंचवटे उमटले. डॉक्टरने दोन्हींवर रेघा ओढल्या आणि खात्री करण्यासाठी सगळे पुन्हा एकदा केले. दोन्ही वेळा आकडा एकच आला. डॉक्टरने फितीवरचे अंतर पुन्हा पाहिले, एकशे ब्याऐंशी मिलिमीटर, आणि कागदावर लिहिले:

उजवा हात, कोपर ते मनगट. सेकंदाला बावीस मीटर.